पात्यांचं पुरुमेंत

परवा आईने सोलं, म्हणजे आमसुलं, समजून माझा डबा उघडला. दोन्ही डबे एकाच दुकानातले, एकाच मापाचे, निळ्या झाकणाचे, कपाटावर शेजारी शेजारी ठेवलेले, त्यामुळे चूक तिची म्हणता येणार नाही. तिला हवी होती सुक्या सुंगटांच्या हुमणात, म्हणजे कोळंबीच्या आमटीत, टाकायला चार सोलं, आणि हाताला लागल्या प्लॅस्टिकच्या छोट्या छोट्या पुड्या, प्रत्येकीत दोन राखाडी पाती आणि वर स्केचपेनने काहीतरी लिहिलेलं. "अरे, हे काय भरून ठेवलंयस?" म्हणाली. म्हटलं ड्रोनची पाती आहेत. "मग डब्यात कशाला? ती काय नासतात?"

नासतात. आणि मला हे कळायला दोन वर्षं आणि पात्यांचे चार सेट लागले.

आता 'पुरुमेंत' म्हणजे काय ते गोव्याबाहेरच्यांना सांगायला हवं. पोर्तुगीज 'प्रोव्हिमेंतो'वरून आलेला शब्द, अर्थ पावसाळ्याची बेगमी. मे महिन्यात घराघरात सुकं मासं, मिरच्या, सोलं, नारळ, लोणची भरून ठेवायची, कारण एकदा पाऊस धरला की पूर्वी बाजारात काही मिळायचं नाही. मडगावात तर पुरुमेंताचं फेस्तच भरतं. आता सुपरमार्केटात सगळं बारा महिने मिळतं, तरी आई हे करते, का विचारलं तर म्हणते "करायचं असतं". मीसुद्धा आता मे संपताना माझं पुरुमेंत करतो, फक्त त्यात खायचं काही नसतं.

माझा ड्रोन म्हणजे डीजेआय मिनी २, म्हापशाच्या एका लग्नाचे फोटो काढणाऱ्याकडून सेकंडहँड घेतलेला. २०२२ च्या फेब्रुवारीत सरकारने तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली आणि त्यानंतर आमच्यासारख्या हौशी लोकांचा बाजार हा असाच, ओळखीतून, हातोहात. वजन २४९ ग्रॅमच्या आत, म्हणजे २०२१ च्या ड्रोन नियमांत नॅनोमध्ये बसतो, रिमोट पायलटचं लायसन्स लागत नाही, पण म्हणून कुठेही उडवायचा असं अजिबात नाही, दाबोळीला नेव्हीचा तळ आहे आणि २०२३ च्या जानेवारीपासून वर मोपाचाही विमानतळ सुरू झालाय, त्यामुळे कुठे उडवता येतं ते दाखवणारा सरकारचा डिजिटल स्काय नकाशा बघितल्याशिवाय मी बॅगेची चेनसुद्धा उघडत नाही. असो. ज्याने विकला त्याने ड्रोन दिला, तीन बॅटऱ्या दिल्या, रिमोट दिला, पण घडी केलेल्या पात्यांना आवळून ठेवायचा जो पट्टा असतो तो दिला नाही. मी मागितलाही नाही, कारण तो कशाला असतो हेच मला ठाऊक नव्हतं.

या ड्रोनला चार मोटरी, प्रत्येक मोटरीवर दोन पाती, म्हणजे आठ. ही पाती मोटरीवर घट्ट नसतात, एकेका बारीक स्क्रूवर लोंबत असतात, हाताने फिरवली तर सैल फिरतात, मोटर सुरू झाली की बाहेर फेकली जाऊन आपोआप सरळ होतात. छान युक्ती आहे. पण त्याचा अर्थ असा की ड्रोन बंद असतो तेव्हा ही आठ पाती बॅगेत वाट्टेल तशी लोळतात, कुठलं चार्जरखाली जातं, कुठलं बॅगेच्या चेनीत येतं, कुठलं हाताच्या घडीत सापडतं. घडी करायचाही क्रम असतो, उघडताना आधी पुढचे हात मग मागचे, मिटताना उलटं. घाईत उलटसुलट केलं की कुठलंतरी पातं दोन हातांच्या मध्ये चिमटलं जातं. मी हे कितीदा केलंय ते सांगत नाही.

तर झालं असं. दोन वर्षांपूर्वी एप्रिलात पणजीला काम होतं, मिरामारला गाडी उन्हात लावली, मागच्या सीटवर बॅग, बॅगेत ड्रोन, ड्रोनवर चार्जर आणि पाण्याची बाटली. दुपारभर. काचा बंद. बाहेर माणसाला उभं राहवत नव्हतं, आत काय झालं असेल ते तुम्हीच समजा. संध्याकाळी तिथून सरळ केरीला गेलो मामाकडे. केरी म्हणजे पेडण्याची केरी, तेरेखोलच्या मुखाजवळची. गोव्यात केरी एकूण तीन, एक सत्तरीत, एक फोंड्यात, एक पेडण्यात, आणि कुरियरवाला हमखास चुकीच्या केरीला जातो. सूर्य बुडायला अर्धा तास होता, फेरीबोट पलीकडून निघाली होती, सुरूच्या झाडांवर तो पिवळा उजेड पडला होता जो पाच मिनिटं टिकतो, मी ड्रोन काढला, उघडला, उडवला.

आवाजच वेगळा आला. एरवी मिनीचा आवाज म्हणजे चिडलेल्या मधमाश्या, त्या दिवशी त्यात दातांच्या डॉक्टरकडचं मशीन मिसळलं होतं. मी म्हटलं वारा असेल. घरी येऊन व्हिडिओ बघितला तर सगळी सुरूची झाडं लहरतायत, फेरीबोट लहरतेय, क्षितिज लहरतंय, जणू पाण्याखालून शूटिंग केलंय. कॅमेरा चित्र ओळीओळीने टिपतो, त्यामुळे खालून बारीक थरथर आली की प्रत्येक ओळ थोडी सरकते आणि असं होतं. मला वाटलं गिंबल गेला, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारा भाग. गिंबल म्हणजे मोठा खर्च. रात्रभर झोप नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाने बघितलं. मामा आयुष्यात ड्रोनला हात न लावलेला माणूस, त्याच्याकडे एक छोटी फायबरची होडी आणि मागे आउटबोर्ड मशीन. (तो बोलतो पेडण्याच्या बोलीत, मी इथे सरळ मराठीत लिहितोय.) त्याने ड्रोन उलटा धरला, एकेक पातं बोटाने ताठ केलं आणि एक डोळा मिटून कडेच्या रेषेत बघितलं, सुतार फळी बघतो ना, तसं. पाचव्या की सहाव्या पात्याला थांबला. "हे बघ, तुझा पंखा वाकलाय." मी बघितलं तर मला काही दिसेना. मग त्याने शेजारचं पातं त्याच्यावर ठेवलं आणि दिसलं, टोकाकडे एवढीशी वळ, नखाच्या जाडीएवढी, ऊन आणि बाटलीचं वजन मिळून प्लॅस्टिकला कायमची बसलेली. गिंबल ठणठणीत होता.

त्या दिवसानंतर मी हिशेब मांडला. माझी आत्तापर्यंतची खराब झालेली पाती किती आणि कशाने? झाडाच्या फांदीला लागून एक जोडी. घारीने झडप घातली त्यात एक. (घारीची चूक नाही, तिच्या हद्दीत मी गेलो होतो, आणि ती सुखरूप गेली.) बाकी सगळी बॅगेत, गाडीत, टेबलावर, ड्रॉवरमध्ये. आकाशात मोडली त्याच्या तिप्पट ठेवलेली असताना मोडली. लोक यूट्यूबवर तासन् तास कसं उडवायचं ते बघतात, मीही बघितलं, पण ड्रोन दिवसातले वीस मिनिटं उडतो, उरलेला सगळा वेळ तो कुठेतरी ठेवलेला असतो.

पातं दिसायला काहीच नाही. हातात घेतलं तर आइस्क्रीमच्या काडीपेक्षा हलकं. पण एकदा नीट उजेडात धरून बघा. बुडाशी ते जास्त तिरकं असतं आणि टोकाकडे जाता जाता सपाट होत जातं, म्हणजे अख्खं पातं पिळलेलं असतं. कारण एका फेरीत टोकाला बुडापेक्षा कितीतरी जास्त अंतर कापावं लागतं, टोक जोरात जातं, म्हणून त्याला कमी तिरकेपणा पुरतो, बुड हळू जातं म्हणून त्याला जास्त लागतो. सुट्या पात्यांच्या पाकिटावर ४७२६ असा आकडा असतो. सुरुवातीला मला तो नुसता मॉडेल नंबर वाटला होता. मग कळलं, ४.७ इंच व्यास आणि २.६ इंच पिच. पिच म्हणजे हवा जर लाकडासारखी घट्ट असती आणि पंखा स्क्रूसारखा तिच्यात घुसला असता तर एका फेरीत किती पुढे गेला असता ते अंतर. हे मी मामाला सांगायला गेलो तर तो उठला, आत गेला आणि होडीचा जुना पंखा घेऊन आला, तीन पात्यांचा ॲल्युमिनियमचा, आणि मधल्या गोळ्यावर कोरलेले आकडे दाखवले. तिथेही तेच, व्यास गुणिले पिच, इंचात. म्हणाला, "दुकानात गेल्यावर हेच सांगावं लागतं, नाहीतर भलताच देतात." मी जे इंजिनिअरिंगचं ज्ञान पाजळायला गेलो होतो ते त्याला तीस वर्षं पाठ होतं.

४.७ इंच व्यास म्हणजे टोकाचा घेर साधारण साडेसदतीस सेंटिमीटर. समजा मिनिटाला १०,००० फेरे धरले, तर टोक मिनिटाला पावणेचार किलोमीटर धावतं, म्हणजे ताशी सव्वादोनशे किलोमीटर. आता त्या टोकाला वाळूच्या कणाने पाडलेली खाच विचारात घ्या. एरवी नखाला जेमतेम लागणारी ती खाच, पण हा वेग आणि प्रत्येक फेरीला तिथेच पडणारा ताण. तडा जिथून सुरू होतो ती जागा बहुतेक अशीच असते. म्हणून आता माझा नियम आहे, उडवण्याआधी प्रत्येक पात्याच्या पुढच्या कडेवरून नख फिरवायचं, बुडापासून टोकापर्यंत. डोळ्याला जे दिसत नाही ते नखाला अडतं. आणि जिथे स्क्रू आहे तिथे बुडाशी पांढरट रेघ दिसतेय का बघायचं. प्लॅस्टिक वाकून ताणलं गेलं की तिथे पांढरं पडतं, चमच्याचं हँडल मोडायच्या आधी पडतं तसं. पांढरं दिसलं की विषय संपला.

मामाच्या पंख्याला खाच पडली तर तो कानस घेऊन बसतो. ॲल्युमिनियम आहे, घासून गुळगुळीत करता येतं, तिन्ही पाती सारखी ठेवायची एवढंच. मीही एकदा पॉलिशपेपर घेऊन बसलो होतो, त्याचं बघून. नंतर लक्षात आलं की माझ्या पात्याचं वजनच मुळात एवढं कमी की मी जे घासतोय तो त्याचा मोठा हिस्सा असणार. मोठ्या विमानांचे आणि रेसिंग ड्रोनचे लोक बॅलन्सरवर पाती तोलतात, एका बाजूला टेपचा तुकडा लावतात, तो शौक वेगळा. मिनीच्या पात्याला फेव्हिक्विक, कानस, टेप काहीही करू नये असं माझं स्पष्ट मत. खराब झालं, बदला.

पण बदलायचं तर दोन्ही. हे मी शिकलो ते दुसऱ्या चुकीतून. ते वाकलेलं एक पातं काढलं आणि कंजूषपणाने त्याच्या जागी दुसऱ्या पाकिटातलं एकच घातलं, जोडीदार जुनाच ठेवला, कारण तो तर चांगला होता ना! थरथर कमी झाली पण गेली नाही. मॅन्युअलमध्ये स्वच्छ लिहिलंय, एका मोटरीवरची दोन्ही पाती एकदम बदला, आणि दोन्ही एकाच पाकिटातली घाला, वेगवेगळ्या पाकिटांतली मिसळू नका. मॅन्युअल कोण वाचतं? आणि गंमत म्हणजे हे मला घरातच माहीत असायला हवं होतं. आमच्या हॉलचा सीलिंग फॅन, लहानपणी, एक पातं वाकलं म्हणून बाबांनी भंगारवाल्याकडून त्याच कंपनीचं एक पातं आणून बसवलं होतं, आणि तो फॅन नंतर वर्षभर असा डुलायचा की पाहुणे त्याच्याखाली बसायचे नाहीत. फॅनची तीन पाती वजनाने जुळवलेला सेट असतो, सुटं एक पातं म्हणजे दुसऱ्याच्या लग्नातला माणूस.

उजवं-डावं तर त्याहून वाईट. चारपैकी दोन मोटरी घड्याळाच्या दिशेने फिरतात, दोन उलट्या, समोरासमोरच्या कोपऱ्यातल्या एका दिशेने. नाहीतर ड्रोन स्वतःभोवतीच गरगरत राहिला असता. त्यामुळे पातीही दोन प्रकारची, डावी आणि उजवी, एकमेकींची आरशातली प्रतिमा. मिनीला खूण असलेली पाती खूण असलेल्या हातांवर आणि बिनखुणेची बिनखुणेच्या हातांवर. एकदा रात्री अकरा वाजता टॉर्चच्या उजेडात मी उलटी घातली होती. दुसऱ्या दिवशी अंगणात उड म्हटलं तर जागच्या जागी कोलांटी घेऊन उताणा. तुळशीसमोर. आई म्हणाली, "नमस्कार केला वाटतं त्याने."

राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानालाही दोन पंखे होते आणि तेही उलट दिशांनी फिरायचे, त्यासाठी त्यांनी एका बाजूची चेन इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी पिळून घातली होती, सायकलवाले होते ना शेवटी. ते पंखे त्यांनी लाकडातून हाताने तासले होते. लाकडी पंख्यांचं अजून एक मी वाचलं आणि मला फार आवडलं. लाकडी प्रोपेलर असलेलं छोटं विमान उभं करून ठेवताना पंखा आडवा ठेवतात. उभा ठेवला तर लाकडातली ओल उतरून खालच्या पात्यात जमते, ते जड होतं आणि तोल बिघडतो. बघा, नुसतं ठेवण्याची गोष्ट. पावसाळ्यात ज्याच्या घराचे दरवाजे फुगून लागत नाहीत त्याला हे लगेच पटेल.

प्लॅस्टिकचं ओलीने तसं फार बिघडत नाही. उलट नायलॉनच्या पंख्यांना थोडी ओल हवीच असते, अगदी कोरडे पडले तर कडक आणि ठिसूळ होतात, जुने रिमोटच्या विमानांचे हौशी लोक नायलॉनचा पंखा वापरायच्या आधी उकळत्या पाण्यात टाकायचे, चिवटपणा यावा म्हणून. (मिनीची पाती उकळू नका, वाकतील.) मग पात्यांच्या डब्यात मी ओल शोषणारी सिलिकाची पुडी ठेवतो ती कशाला? ती पात्यांसाठी नाहीच, ती स्क्रूंसाठी. आमच्याकडे वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात, त्यात समुद्राचा खारा वारा, त्यात ते तांदळाच्या कणीएवढे स्क्रू. एकदा गंजून डोकं झिजलं की निघत नाहीत, मग मोटरीपर्यंत प्रकरण जातं. म्हणून उडवून आलो की पाती ओल्या मऊ फडक्याने पुसायची, साधं पाणी, फार तर थेंबभर साबण, लगेच कोरडी करायची. नेलपॉलिश रिमूव्हर नको, ॲसिटोन कित्येक प्लॅस्टिक खातं. आणि केरीच्या किनाऱ्यावर काळी लोखंडी रेती असते, ती मोटरीतल्या चुंबकाला चिकटते आणि झटकली तरी निघत नाही. म्हणून ड्रोन वाळूवर उतरवायचा नाही, मी गाडीतलं पायपुसणं अंथरतो. लोक हसतात. हसू देत.

पात्यांखाली मोटरीच्या दांड्याभोवती बघायचं हेही मामाचंच. होडीच्या पंख्यामागे तंगूस गुंडाळला जातो, तोच तो मासे धरायचा नायलॉनचा दोरा, वरून काही दिसत नाही, पण तो आत आत घुसत जाऊन सील कापतो, पाणी गिअरच्या ऑइलमध्ये जातं आणि ऑइल दुधाच्या चहासारखं होतं. तो दर काही दिवसांनी पंखा काढून बघतो. त्याचं बघून मी माझ्या मोटरींखाली बघितलं तर एका दांड्याभोवती लांब केस गुंडाळलेला, बायकोचा. चिमट्याने काढला. ती म्हणाली, बरं झालं माझाच होता.

पट्टा शेवटपर्यंत मिळाला नाही. सुरुवातीला रबरबँड लावायचो, तो इतका आवळायचा की पातीच वाकायची, म्हणजे औषधच आजार. मग बायकोची केस बांधायची कापडी स्क्रंची, मऊ, सैल, दोन वेढे, त्यात पाती नुसती अंगाला टेकून बसतात, दाबली जात नाहीत. मॅन्युअलही तेच सांगतं, नेताना-ठेवताना पाती दाबू नका, वाकवू नका. तिची जांभळी स्क्रंची आता कायमची ड्रोनची झालीय.

आणि ३१ मेला, किंवा पहिला जोरदार पाऊस पडेल त्या दिवशी, सगळं काढून बसतो. बॅटऱ्या अर्ध्याच्या थोड्या वर ठेवून वेगळ्या. पाती मी मोटरीवरून काढत नाही, उगाच स्क्रू खोलबंद कशाला, नुसती पुसून, तपासून, स्क्रंचीत. सुट्या पात्यांचं मात्र सगळं नीट, प्रत्येक जोडी ज्या पाकिटातून आली त्याच पुडीत, वर लिहिलेलं, खूण की बिनखूण, कधी घेतली. पुड्या डब्यात आडव्या, एकावर एक पण वर वजन नाही. स्क्रू वेगळ्या डबीत, सोबत बॉक्समधून आलेला तो छोटा स्क्रूड्रायव्हर, दुसरा वापरला की स्क्रूचं डोकं जातं. डब्यात सिलिकाची केशरी पुडी, ओल शोषून हिरवी पडली की एका जुन्या कढईत मंद आचेवर परत गरम करायची. निळी सिलिका घेऊ नका, तिच्यात कोबाल्ट असतं, आणि ती कढई आईला परत स्वयंपाकाला दिली तर आई काय करेल ते वेगळं. मग डबा बंद, कपाटावर, उन्हापासून लांब. गाडीत कधीच नाही.

बाद झालेली पाती मी वेगळ्या बिस्किटाच्या डब्यात टाकतो, टाकून का देत नाही ते विचारू नका. आईही फुटलेल्या बरणीचं झाकण जपून ठेवते.

१ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस गोव्यात यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. बंदी असो नसो, मामा तसाही त्या दर्यात होडी घालत नाही. वर ओढून झावळ्यांखाली झाकून ठेवतो, मशीन काढून घरी, गोड्या पाण्याने धुऊन, पंखा वेगळा, ग्रीस लावलेल्या फडक्यात गुंडाळून स्वयंपाकघरातल्या खिळ्याला. खिळा चुलीच्या वरचा, कारण घरात सगळ्यात कोरडी जागा तीच. मामी इतकी वर्षं त्या गाठोड्याखाली भाकऱ्या भाजतेय.

गेल्या रविवारी गेलो होतो, पाऊस जरा उघडला होता. ओसरीवर मामाचा नातू रडत होता आणि मामा त्याच्यासाठी भिरभिरं करत होता. आम्ही लहानपणी माडाच्या पातीचं करायचो तसं, पण याला ते नको होतं, याला "काकाच्या विमानाचं" हवं होतं, म्हणून मामाने मागच्या वेळी मी तिथे विसरलेल्या बिस्किटाच्या डब्यातून दोन पाती काढली होती, खिळ्यात ओवून हिराच्या जुडीला ठोकली होती. समुद्रावरून चांगला वारा होता. भिरभिरं थरथरत होतं पण फिरत नव्हतं. मामाने फुंकर मारली, खिळा सैल केला, तेल लावलं. नाही. पोरगं अजून जोरात रडायला लागलं, मामाने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच खोटा माल दिलाय.

मी हातात घेऊन बघितलं. एका पात्यावर खूण होती, दुसऱ्यावर नव्हती. एक एका बाजूला ढकलत होतं, दुसरं दुसऱ्या, आणि दोघं मिळून जागच्या जागी.

"मामा, हे डावं-उजवं झालंय," म्हटलं, "याचा जोडीदार डब्यात असेल." तो काही बोलला नाही, आत गेला, डबा आणला, ओसरीवर उपडा केला आणि एक डोळा मिटून एकेक पातं उजेडाकडे धरायला लागला.